त्याचं होऊ दे

१

एलिसाचा दिवस टाळीने सुरू व्हायचा. शॅनन उठली, तिचं दूध पिऊन झालं, हातात चमचा देऊन तिला चटईवर बसवलं, की एलिसा मांजरीच्या पावलांनी तिच्या पाठीमागे जायची आणि एक टाळी वाजवायची. शॅनन मागे वळायची, आईकडे अतिशय नाराजीने बघायची आणि पुन्हा चमच्याला लागायची. म्हणजे ऐकू येतंय. एलिसाचा जीव भांड्यात पडायचा. मग थोड्या वेळाने वाटायचं, टाळीचा वारा लागला असेल मानेला, म्हणून वळली असेल. मग पुन्हा टाळी, जरा लांबून.

"पोरीला काय कबुतर समजलीस?" सासू, क्लारा, स्वयंपाकघरातून ओरडायची. "उडून जाईल एखाद दिवशी!"

शॅनन वर्षाची होत आली होती आणि अजून एक अक्षर बोलत नव्हती. बा नाही, मा नाही. हसायचीसुद्धा आवाज न करता, नुसतं पोट हलवून. वसईतल्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, आणि शेवटी एलिसाकडे बघून विचारलं, "बाळ ठणठणीत आहे. तुम्ही नीट झोपता का?"

नवऱ्याचं, ऑस्करचं म्हणणं, "आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात."

"आणि मग थांबत नाहीत," क्लारा म्हणायची. ती स्वतः थांबायची नाही, तेव्हा हे खरं असावं.

एलिसाला हे सगळं पटायचं. पटून झालं की ती बाथरूममध्ये जाऊन फोनवर 'बाळ उशिरा बोलणे कारणे' शोधायची आणि आणखी चार आजार घेऊन बाहेर यायची. तिला दुसरं काहीच नको होतं. शॅननने एकदा, फक्त एकदा, तिला हाक मारावी, आणि तिने 'ओ' म्हणावं. बस.

दुसरी टाळी कामाची होती. एलिसा खोल्यांचे आवाज दुरुस्त करायची. म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी छताखाली तारांनी टांगायची, तिच्या चौकटींत हलक्या टाइल टाकायच्या, भिंतींवर कापडाने मढवलेली जाड पॅनेलं लावायची, की खोलीचा गोंगाट कमी होतो. तिने दवाखाने केले होते, कोचिंग क्लास केले होते, आणि वसई स्टेशनजवळचं एक हॉटेल, जिथे तिच्या कामानंतर गिऱ्हाइकांना शेजारच्या टेबलावरची भांडणं ऐकू येईनाशी झाली आणि धंदा पडला. अशा खोलीत आधी मध्यभागी उभं राहून टाळी वाजवायची आणि ती किती वेळ घुमते ते ऐकायचं. काम झाल्यावर पुन्हा वाजवायची.

बाळंतपणानंतरचं पहिलं काम घराजवळच मिळालं. उमेळ्याच्या मंडळाचा हॉल.

२

हॉल जुना, सिमेंटच्या अर्धगोल कमानीचा, आतून उलट्या ठेवलेल्या होडीसारखा. एलिसाने पहिल्या दिवशी टाळी वाजवली आणि ती टाळी हॉलभर फिरली, कोपऱ्यात गेली, परत आली, वर चढली. एलिसाची पर्स बंद करून झाली तरी ती चालूच होती.

"बघितलंस?" बॅप्टिस्ट सर म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळाचे अध्यक्ष. "मी इथे इतकी वर्षं…" ते थांबले. वरून 'वर्षं, र्षं, षं' येऊन गेलं. "भाषणं करतोय…" थांबले. "पण एकालाही…" थांबले. "काही कळलेलं नाही."

थांबणं हा त्या हॉलचा नियम होता. उमेळ्यात सून म्हणून आल्यावर एलिसाने तो पहिल्यांदा एका लग्नात पाहिला. टोस्ट देणारे काका प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत होते, अगदी शांतपणे, हातात ग्लास धरून. टोस्ट संपेपर्यंत केकवरची क्रीम खाली उतरून आली होती. शेजारच्या एका पोराने घाईने टाळ्या वाजवायला घेतल्या तर त्याच्या आईने त्याचा हात दाबला. "थांब. त्याचं होऊ दे."

गावात सगळे असंच म्हणायचे. प्रतिध्वनी वगैरे कोणी म्हणायचं नाही. त्याचं होऊ दे. लहानपणापासून सवय, जशी चर्चमध्ये शिरताना कपाळाला हात लावायची.

पॅनेलांच्या रंगावरून मंडळाच्या तीन बैठका झाल्या. निम्म्यांना आकाशी हवा होता, निम्म्यांना वाइन. शेवटी दोन्ही लावले, आणि हॉल शाळेच्या गणवेशासारखा दिसू लागला. बसवायचं काम सदानंदकडे होतं. वालीवला त्याचा गाळा होता, पॅनेलं तिथेच बनायची, आणि बोलणंही तिथेच बनत असावं.

"मॅडम, असा गप्प करतो हॉलला," तो म्हणाला, "की उद्या इथे बँड वाजला तर बाहेरच्या माणसाला वाटेल आत प्रार्थना चाललीय."

त्याने कमानीपासून तारा सोडल्या, जाळी टांगली, टाइल टाकल्या. उलटी होडी झाकली गेली. खाली सपाट, पांढरं, सभ्य छत आलं; वर कमान आणि अंधार. एलिसा मध्यभागी उभी राहिली. शॅनन शेजारी, तिच्या ढकलगाडीत. क्लाराचे गुडघे सुजले होते, त्यामुळे बाळ कामावर.

टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली.

"झक्कास!" सदानंद म्हणाला.

झक्कासच होतं. इतकं, की एलिसाला आपल्या स्वतःच्या कामाची थोडी भीती वाटली. उशी तोंडावर धरून बोलावं तसा हॉल झाला होता.

हॉलची किल्ली सांभाळणारी, झाडलोट करणारी फ्लॉसी मावशी दारात उभी होती. तिने मान वर करून छत बघितलं.

"बरं दिसतंय," ती म्हणाली. "पन हवा खेळायला जागा ठेवलीस ना, बाय, वर?"

"हवेला कशाला जागा, मावशी?"

"हवेला नाय गं," म्हणून ती झाडू घेऊन निघून गेली.

३

मंडळाची पहिली बैठक नव्या छताखाली झाली. बॅप्टिस्ट सरांचं भाषण पहिल्यांदा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, आणि ते काय बोलतात हे कळल्यामुळे सभेत उदास वातावरण पसरलं.

पण थांबायची सवय कोणाची सुटली नव्हती. सर 'बंधू आणि भगिनींनो' म्हणाले आणि थांबले. सगळा हॉल थांबला. वरून काही येईना. जिना संपलाय हे न कळून आणखी एक पायरी उतरायला जावं, तसे सगळे अडखळले.

मग वर कुठेतरी टाइल हलली. टक्.

एलिसाला याचं कारण माहीत होतं. दार आपटलं की हवा आत दाबली जाते, हलकी टाइल उचलली जाते, परत जागेवर पडते. कुठल्याही फॉल्स सिलिंगमध्ये होतं. तिने उठून दारं लावली.

"आपल्या हॉलचं नूतनीकरण…" सर म्हणाले आणि थांबले.

टक्.

तिने पंखे बंद करवले. लोक घामाघूम झाले.

"...मंडळाच्या आशीर्वादाने…"

टक्.

सर बोलताना एकदाही नाही. थांबले की मात्र हटकून. चहाच्या वेळी एलिसाने सदानंदला बाजूला घेतलं.

"उंदीर असेल, मॅडम."

"उंदीर वाक्य संपायची वाट बघतो का?"

सदानंदने विचार केला. "गावचा आहे. सवय असेल त्याला."

एलिसाने मनाशी ठरवलं, टाइलींवर खाली दाबून धरणाऱ्या क्लिपा लावायच्या. प्रश्न संपला. तेवढ्यात ढकलगाडीतून आवाज आला.

"ब."

एलिसाच्या हातातली बशी कलंडली. शॅनन मान वर करून छताकडे बघत होती. तिचे ओठ अजून मिटलेले होते, पुढचं अक्षर धरून ठेवल्यासारखे. ती थांबली होती.

टक्.

"ब," शॅनन म्हणाली.

४

त्या दिवशी एलिसा रडली, हसली, फ्लॉसी मावशीला मिठी मारली आणि सदानंदलाही मारता मारता थांबली. फोन काढून तिने शॅननचा व्हिडिओ घेतला आणि ऑस्करला पाठवला. बँकेतून त्याचा लगेच मेसेज आला. दहा हृदयं, आणि खाली: 'ते दुसरं बाळ कुणाचं?'

हॉलमध्ये दुसरं बाळ नव्हतं.

एलिसाने व्हिडिओ स्वतः ऐकला. ब. मग ब. मग ब. दोन आवाज होते, खरंच. एक जवळचा आणि एक कापडाआडून आल्यासारखा. तिने कारणं मोजायला घेतली. फोनचा माइक खराब. भिंतीच्या वरच्या पट्टीत पॅनेल नाही, तिथून थोडा आवाज परततो. किंवा आपली झोप. बाळंतपणानंतर कधी कधी डोक्यावर परिणाम होतो असं तिने वाचलं होतं. वाचल्यावर तो झाल्यासारखाही वाटला होता. कारणं भरपूर होती. फक्त एक गोष्ट कुठल्याच कारणात बसेना. कापडाआडचा 'ब' आधी येत होता. शॅननचा नंतर.

घरी शॅनन पुन्हा मुकी. चमचा, नाराजी, पोट हलवून हसणं. क्लाराने तिच्यासमोर सगळी बाराखडी म्हटली, नोव्हेनाची प्रार्थना म्हटली, बाजारातल्या सुरमईचे भाव म्हटले. शॅनन तिच्याकडे पाहुण्यासारखी बघत राहिली.

म्हणून एलिसा दुसऱ्या दिवशी हॉलवर गेली. तिसऱ्या दिवशीही. एक टाइल वाकडी आहे म्हणून, एका पॅनेलचा धागा निघालाय म्हणून.

"मॅडम, काम देऊन झालं," सदानंद फोनवर कळवळला. "मी दुसऱ्या साइटवर आहे. धागा काय, तो कुठेही निघतो. माझ्या शर्टाचा निघालाय."

क्लिपांचा विषय तिने काढला नाही. हे तिचं तिला कळत होतं. एका छतावर काहीतरी चुकीचं चाललंय, आणि आपण ते दुरुस्त करत नाही, कारण त्याच्या खाली आपली मुलगी बोलते. ब झालं, द झालं, मग एके सकाळी 'दादादा' झालं, आणि प्रत्येक वेळी शॅनन आपलं म्हणून झालं की थांबायची. घरच्या कुणीही न शिकवता. कान वर लावून, शहाण्या बाईसारखी.

फ्लॉसी मावशी बाक पुसत होती. एलिसाने शेवटी विचारलंच.

"मावशी, तुम्ही सगळे म्हणता ना, त्याचं होऊ दे. त्याचं म्हणजे कुणाचं?"

मावशीने फडकं पिळलं. "आवाजाचं."

"आपल्याच ना? आपलाच आवाज परत येतो."

"आपलाच," मावशी म्हणाली. मग जरा वेळाने, "माझा बाप बोबडा होता. इथे बोलला की वरून नीट यायचं."

"मग तुम्ही कुणी कधी बघितलं नाही? विचारलं नाही?"

"कुनी बोलत असताना मधेच विचारतं का, बाय?" मावशी खरोखर दुखावली होती. "आम्ही त्याला बोलू दिलं, त्यानं आम्हाला. गावात असंच असतं. आता तुम्ही त्याला माळ्यावर टाकलंत, झाकण लावलंत. बोलायला एकच पोर राहिली त्याला."

बाक पुसून ती पुढच्या बाकाकडे गेली. एलिसा हसली, कारण हसण्यासारखंच होतं. मग तिने खाली पाहिलं. शॅनन छताकडे बघत अगदी हळू ओठ हलवत होती. आवाज न करता. समोरचा माणूस एखादा कठीण शब्द हळूहळू शिकवतोय, आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघून तसं तोंड करतोय, तसं.

ओठ मिटत होते, उघडत होते. मिटत होते, उघडत होते.

म. म.

५

त्याच दुपारी एलिसाने सदानंदला बोलावून घेतलं. तो कुरकुरत आला, येताना क्लिपांची पिशवी घेऊन.

"आधी मी वर बघणार," एलिसा म्हणाली.

"मॅडम, मी बघतो की."

"माझं डिझाइन आहे."

खरं तर तिला दुसऱ्या कुणी बघायला नको होतं. वर उंदीर निघाला तर ती सुटणार होती. कबुतर निघालं तरी. आणि काहीच निघालं नाही, तर डॉक्टर होतेच, झोपेची गोळी देणारे.

सदानंदने घोडाशिडी मध्यभागी लावली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "दोन मिनिटं," म्हणत तो बाहेर अंगणात गेला. बाहेर गेल्या गेल्या त्याचा आवाज पार नाहीसा झाला. पॅनेलं खरोखर उत्तम होती.

शॅननचा पट्टा लावलेला आहे हे एलिसाने दोनदा बघितलं. मग वर चढली. डोक्यावरची टाइल तळव्याने उचलली, तिरकी करून बाजूला सरकवली, आणि मान आत घातली.

वर उन्हाची धग साठलेली होती. सिमेंटचा आणि धुळीचा वास. फोनच्या टॉर्चमध्ये तारा दिसल्या, रांगेने लटकलेल्या, आणि टाइलींच्या पाठी, करड्या, चौकोन चौकोन, दूरपर्यंत. वर कमान. उंदराची लेंडी नाही, पीस नाही. तिला जवळजवळ हिरमुसल्यासारखं झालं.

"हॅलो?" ती म्हणाली.

इथे घुमायला हवं होतं. वरच्या बाजूला एकही पॅनेल नव्हतं, नुसती उघडी कमान, तीच जुनी उलटी होडी. तिचा 'हॅलो' गेला आणि परत आला नाही. पण खालच्यासारखा मेलाही नाही. कुणीतरी हातात घेतल्यासारखा तो नाहीसा झाला.

एलिसा थांबली. का, हे तिला कळलं नाही. गावची सून झाल्याला इतकी वर्षं झाली होती, लागली असेल सवय.

टक्.

हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, स्टेजच्या वर, एक टाइल उचलली गेली. बोटभर. खालचा उजेड फटीतून वर आला, सरळ पिवळी रेघ. दार, एलिसाने स्वतःला सांगितलं. सदानंदने दार उघडलं, हवा आली, टाइल उचलली गेली. आता पडेल.

टाइल पडली नाही.

ती रेघ सलग नव्हती. मध्ये एका जागी ती तुटलेली होती, एलिसा आणि उजेड यांच्यामध्ये काहीतरी असल्यासारखी. टॉर्च तिकडे वळवायला हात उचलेना. त्या मापाचं काहीही त्या टाइलींवर असूच शकत नाही, एवढं तिला व्यवसायाने माहीत होतं. मिनरल फायबर, पुठ्ठ्याइतकं कच्चं. मांजर चढलं तरी खाली येतं.

मग ती तुटलेली जागा खाली वाकली, फटीपाशी, पाळण्यात डोकावताना वाकतात तशी.

खालून, एलिसाच्या पायांखालून, अगदी स्पष्ट, गोड, न अडखळता आवाज आला.

"मम्मा."

एलिसाचं तोंड उघडलं. वर्षभर ती या एका शब्दासाठी तयारीत होती. आंघोळ करताना, रिक्षाची वाट बघताना तिने याचं उत्तर मनात म्हणून पाहिलं होतं, थोडं लांबवून, शेवटी जरा वर नेऊन, लाडाने.

"ओऽऽ," उत्तर आलं. थोडं लांबवून, शेवटी जरा वर नेऊन. तिच्याच आवाजात. अंधाराच्या त्या टोकाकडून.

एलिसाने मान खाली ओढली. कपाळ पत्र्याच्या पट्टीवर आपटलं, शिडी डुगडुगली. शॅनन ढकलगाडीत ताठ बसली होती. तिची आईकडे पाठ होती. तोंड स्टेजच्या वरच्या त्या टाइलकडे, आणि दोन्ही हात वर, घे म्हणताना करतात तसे, बोटं पसरून.

"ओ!" एलिसा ओरडली. "शॅनन! ओ! इकडे! मी आहे, ओ!"

ती छाती फाटेस्तोवर ओरडली. आकाशी पॅनेलांनी अर्धं घेतलं, वाइन पॅनेलांनी अर्धं. शॅननची मान वळली नाही. पोट मात्र हलत होतं. ती हसत होती.